तळोटीची दारं

दाराची एकशे चौदावी उघडझाप झाली आणि त्याचं मोजणं चुकलं. असं सहसा होत नसे. आपोआप सरकणारी काचेची दारं बसवणं आणि बिघडली की दुरुस्त करणं हा त्याचा एकोणीस वर्षांचा उद्योग. कंपनीत त्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं, एरवी सगळे त्याला दारवाला म्हणत. दुरुस्ती झाली की दार दोनशे वेळा उघडू-मिटू द्यायचं आणि मगच सही घ्यायची, असा नियम होता. बाकीचे वीस-पंचवीस वेळा बघून चहाला पळत. हा नाकासमोर चालणारा, दोनशे म्हणजे दोनशे. स्टूल टाकून बसायचं, कानानं दार मोजायचं आणि डोळ्यांनी मोबाइलवर पुस्तकांचे ब्लॉग वाचायचे. त्या दिवशी इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रे काढायच्या खोलीबाहेर तो असाच बसला होता. दिवाभीत या टोपणनावानं ब्लॉग लिहिणाऱ्या कुणी बाईनं, की बुवानं, चार वर्षं वाचूनही त्याला ते कळलं नव्हतं, एका नव्या अद्भुत कादंबरीबद्दल लिहिलं होतं. ‘या कादंबरीतला देश गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या तळाशी आहे. खालच्या घरांत नळ सुटले की तिथे ओहोटी येते. तिथली दारं कुणी ठोठावत नाही, कारण पाण्यात ठोठावलेलं ऐकू जात नाही. पाहुण्यानं बाहेर नुसतं उभं राहायचं, आतल्याला जाणवेपर्यंत.’ समोरचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तो मोजत नव्हता. ठोठावायचं नाही हा नियम त्यानं स्वतः केला होता, वयाच्या अकराव्या वर्षी, टाकीच्या सावलीत पालथं पडून. तो ऐकायला जगात एकच जण होती, त्याची बहीण ठकी, आणि तिला शेवटचं पाहून नऊ वर्षं झाली होती.

देशाचं नाव तळोटी. तेही त्याचंच. टाकीच्या पत्र्याला कान लावला की आत कुणीतरी कुजबुजतंय असं वाटायचं. तो म्हणाला होता, तिथे बाजार भरलाय. ठकी तेव्हा नऊ वर्षांची. ‘मग सकाळी आपण आंघोळ करतो तेव्हा?’ तिनं विचारलं होतं. ‘तेव्हा त्यांचा समुद्र जातो.’ त्यावर ती दोन दिवस आंघोळीला नाही म्हणाली, आणि आईच्या हातचा एक धपाटा दोघांनी वाटून घेतला होता. पुढे त्याचं खेळाचं वय सरलं, तिचं सरलं नाही. तो नियम करायचा आणि विसरायचा. ती लिहून ठेवायची. तळोटीतल्या बायका दिवस मोजत नाहीत, ओहोट्या मोजतात. तळोटीत मेलेल्या माणसाला वर पाठवतात, म्हणजे तो पृष्ठभागावर जाऊन हलका होतो. असं लिहिता लिहिता वह्या सात झाल्या. तो अभ्यास करत असला की ती खुर्चीमागे येऊन उभी राहायची आणि म्हणायची, ‘दादा, वाच ना.’ तो म्हणायचा, ‘तूच सांग, पुढे काय होतं ते.’ मग ती सांगायची. सात वह्यांतलं एक पानही त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं नव्हतं, आणि तरी त्याला सगळं पाठ होतं.

दिवाभीतानं पुढे लिहिलं होतं, ‘दर ओहोटीला एक तरुण येऊन बहिणीच्या दाराबाहेर उभा राहतो. तो मेलेला आहे. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नाही. बहीण आत आहे आणि तो बाहेर आहे हे तिला जाणवतं. ती दार उघडत का नाही, ते मी सांगणार नाही. माझा नियम जुन्या वाचकांना माहीत आहेच: पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागापलीकडचं एक अक्षर इथे फुटत नाही.’ लेखिकेचं नाव परकं होतं, ऐकताक्षणी टोपणनाव वाटावं असं. तिचा फोटो नव्हता. त्याच्या काळजात धस्स झालं, आणि गंमत अशी की त्याच्या पाठोपाठ आनंदही झाला. ठकी जिवंत आहे, कुठेतरी टेबलाशी बसून लिहिते आहे. दोन-तीन उघडझापा होईपर्यंत तो आनंद टिकला. मग त्याला कळलं की तिनं आपल्याला मारलं आहे.

त्यानं पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. पुस्तकांच्या ब्लॉगांचा नाद त्याला अशा रिकाम्या दोनशे-दोनशेंमधूनच लागला होता. त्यातही त्याला हव्या असत त्या अद्भुत आणि विज्ञान कादंबऱ्या: जिथे दोन चंद्र आहेत, जिथे माणसं झोप विकतात, जिथे जहाजाला म्हातारपण येतं. कोणता ब्लॉगवाला कशाला भुलतो, कोण फुकटच्या प्रतीला जागून गोड लिहितो, कुणाचे साडेतीन तारे दुसऱ्याच्या पाचांना भारी, हे सगळं त्याला ठाऊक होतं. वाचायच्या पुस्तकांची त्याची यादी चारशेच्या वर गेली होती. त्यांतलं वाचलेलं एकही नाही. ‘तू पुस्तकांची स्थळं बघतोस,’ बायको म्हणायची, ‘लग्न काही करत नाहीस.’ ती शाळेत गणित शिकवायची, तिला अपुरी राहिलेली उदाहरणं खुपायची. तो हसायचा. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिण्यात एक सुख असतं. तहान भागते आणि आपले हात ओले होत नाहीत. पण खरं कारण ते नव्हतं, आणि खरं कारण त्यानं बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

खरं कारण चोवीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी रद्दीत गेलं होतं. घर बदलायचं होतं, सामान बांधणं चाललं होतं, आणि सतरा वर्षांची ठकी तापानं इस्पितळात होती. आई तिच्या उशाशी. वडिलांनी जाता जाता त्याला सांगितलं, ‘पोरीच्या खोलीतलं काय हवं-नको ते बघ आणि आवर.’ त्यानं बघितलं नाही, आवरलं. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात सात वह्या बांधून रद्दीच्या गाडीवर चढवल्या. त्या वह्या आहेत हे त्याला माहीत होतं. सुतळीची गाठ मारताना सगळ्यात वरच्या वहीवर ठकीचं अक्षर दिसत होतं. मनात एवढंच आलं होतं की आता सतरा वर्षांची झाली, पुरे की. त्यात दुष्टपणा नव्हता, नुसता कंटाळा होता. दुष्टपणा पुढे झाला. ठकी घरी आली, नव्या घरात चार दिवस खोकी उपसत राहिली, आणि मग दारात उभी राहून म्हणाली, ‘दादा, माझ्या वह्या?’ त्यानं अभ्यासाच्या पुस्तकातून मान वर केली नाही. ‘मला काय माहीत. आईनं आवरलं सगळं.’ आई स्वयंपाकघरात होती. तिनं ते ऐकलं असणार, कारण भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. त्या दिवसापासून ठकीनं आईशी बोलणं कामापुरतं ठेवलं. दोन वर्षांनी ती दूरच्या गावी नोकरीला गेली ती गेलीच. नऊ वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा एक दिवस आली, भिंतीला टेकून उभी राहिली, त्याच्याशी एक शब्द न बोलता संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. दुःखात बोलवत नसेल, अशी त्यानं समजूत घालून घेतली. आई शेवटपर्यंत ते दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊन वावरली, आणि एक वाक्य बोललं तर ते उतरेल हे त्याला रोज कळत होतं. रोज तो उद्यावर टाकत होता. आई गेल्यावर उद्या संपला.

दिवाभीताचा तो लेख वाचला त्याच आठवड्यात एक विचित्र गोष्ट झाली. एका बँकेचं दार माणसांना चिमटतं अशी तक्रार होती. तो वायरमनबरोबर गेला, पायरी चढला आणि दार उघडलंच नाही. त्याच्या आधी वायरमन सहज आत गेला होता. तो एक पाऊल मागे सरला, पुढे आला. दार ढिम्म. आतून वायरमन काचेपलीकडे हसत होता. ‘काय हो दारवाले, भूत झालात की काय?’ याचं उत्तर दारवाल्याला झोपेतही देता आलं असतं. त्याच्या अंगात काळं जाकीट होतं, काळा रंग काही डोळ्यांचा किरण गिळून टाकतो. डोळा, म्हणजे दारावरची माणूस टिपणारी ती छोटी पेटी, तिरका बसला असेल. शिवाय काही डोळ्यांना हलणारंच माणूस दिसतं, स्थिर उभा राहिला तो त्यांच्या लेखी नाहीच. हे सगळं तो नव्या लोकांना शिकवत असे. पण त्या काचेत त्याला स्वतःचं अंधुक प्रतिबिंब दिसलं, हात खाली सोडून, नुसतं उभं, आतल्याला जाणवेपर्यंत. तो हसला नाही. वायरमननं आतून हात हलवला तेव्हा कुठे दार उघडलं.

मग चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. खिडकीवरचा कारकून त्याच्या मागच्या माणसाकडे बघून ‘बोला’ म्हणाला. लिफ्टमध्ये तो आत असताना एकीनं दिवा मालवायची कळ शोधली. बायको वह्या तपासता तपासता म्हणाली, ‘तू कधी आलास?’ आणि तो तर पाऊण तास समोर बसला होता. असल्या गोष्टी सगळ्यांच्याच घडतात, शहरात कुणाला कुणाकडे बघायला वेळ आहे, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. ‘सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नाही’ हे वाक्य दाढी करताना त्याच्या गालावर बसायचं. तो ब्लेड थांबवून आरशात बघायचा. आपण कधी मेलो असू? वाक्य बोलायचं राहिलं तेव्हा, की पहिलं खोटं बोललो तेव्हा, मान वर न करता? आणि आई? आईला हे ठाऊक असताना ती आपल्याला रोज जेवायला वाढत होती, मेलेल्याच्या पुढ्यात ठेवतात तसं. या विचारानं तो इतका घाबरला की त्यानं तोंड धुवायच्या आधीच टॉवेल ओढला.

पुस्तक त्यानं विकत आणलं. आयुष्यातलं पहिलं. ते प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट फ्रिजवर ठेवलं, आणि मग जे केलं ते त्याच्यासारखा माणूसच करू जाणे. पुस्तक हाताच्या अंतरावर असताना तो त्याबद्दल आणखी कोण काय लिहितंय ते शोधत बसला. सहा ब्लॉग सापडले. एकीला भाऊ कीव करण्यासारखा वाटला. एकानं लिहिलं की भावाचं पात्र कच्चं आहे आणि त्याबद्दल अर्धा तारा कापला. तो त्यावर खरोखर दुखावला. पण सगळ्यांच्या लिहिण्यात एक गोष्ट समान होती. ‘भावाचा एक अपराध आहे,’ पहिला म्हणत होता, ‘तो सांगितला तर वाचकाचा विरस होईल.’ दुसऱ्या ब्लॉगखाली एकतीस जणांनी आपापली मतं लिहिली होती. ‘ते सोळावं प्रकरण!’ ‘मी बसमध्ये रडले.’ ‘माझ्याही घरी असंच घडलंय, पण इथे नको, ज्यांनी वाचलं नाही त्यांचा विचार करा.’ कुणीही नियम मोडत नव्हतं. एकतीस परकी माणसं त्याच्या गुन्ह्याभोवती कोंडाळं करून बसली होती, त्यांना तो तपशीलवार माहीत होता, आणि सभ्यपणानं ती सगळी त्याच्यासमोर गप्प होती. जगातली कुठलीही शिक्षा याहून बरी, असं त्याला वाटलं. उठून चार पावलांवरचं वेष्टण फाडलं असतं तर सगळं कळलं असतं. तो उठला नाही.

‘उघड ना ते,’ बायको एका रविवारी म्हणाली. ती ओट्याशी उभी होती. ‘महिना झाला, फ्रिजवर पुस्तक ठेवल्यानं ते काही ताजं राहत नाही.’

‘उघडतो.’

‘मी वाचू आधी?’

‘नको.’ तो इतका चटकन म्हणाला की तिनं वळून बघितलं. ‘ओळखीच्या माणसानं लिहिलंय,’ तो म्हणाला.

‘तुझ्या ओळखीचं कोण लिहितं?’ तिनं विचारलं. मग हात पुसत त्याच्यासमोर येऊन बसली. ‘बरं वाटत नाहीये का तुला? हल्ली तू घरात असतोस आणि नसतोस.’ तिनं सहज म्हटलं होतं. तो उठून आरशात बघून आला.

दिवाभीताच्या ब्लॉगवर त्याच दिवशी सूचना लागली. लेखिका भेटत नाही, फोटो देत नाही, पण लेखी उत्तरं द्यायला तयार झाली आहे. प्रत्येक वाचकानं एकच प्रश्न पाठवावा, निवडक पुढे धाडले जातील. तो तीन दिवस त्या एका प्रश्नावर झुरला. ‘ठकी, तूच ना?’ असं लिहिलं आणि पुसलं. ‘आईनं टाकल्या नव्हत्या’ असं लिहिलं, आणि तो तर प्रश्नच नव्हता. त्याला जे म्हणायचं होतं त्याला प्रश्नचिन्ह लागत नव्हतं. अखेर एका शाळेच्या सरकत्या फाटकाशी, दोनशेच्या मध्येच, त्यानं ‘एक वाचक’ म्हणून पाठवून दिलं, ‘भाऊ का मेला? आणि शेवटी बहीण दार उघडते का?’ पाठवल्यावर त्याला हलकं वाटलं. पुन्हा एकदा त्यानं परक्याच्या तोंडून स्वतःबद्दल विचारलं होतं, आणि त्याला ते कळलंही नाही.

उत्तरं अकरा दिवसांनी आली. तो दवाखान्यात एका नव्या दारासमोर बसला होता. पहिले दोन प्रश्न लिहायच्या वेळेबद्दल आणि पाण्याच्या भीतीबद्दल होते. तिसरा त्याचा. ठकीनं लिहिलं होतं:

‘तो मेला असं गाव म्हणतं. मी कुठे म्हटलंय? विचारणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं नाही, हे उघड आहे. असा एक वाचक माझ्या ओळखीचा आहे. त्याला पानं उलटायचा कंटाळा, शेवट नेहमी मी सांगायचा. एकदा त्याच्या हातात सात वह्या होत्या, तेव्हाही त्यानं एक उघडून बघितली नाही. आई मला शेवटपर्यंत फोनवर सांगत राहिली, “मीच टाकल्या, तू त्याला विचारू नकोस.” आईला खोटं बोलता येत नसे. पहिल्याच वेळी मला कळलं होतं. मी तिच्यावर रागावले ती वह्यांसाठी नाही. ती त्याला पाठीशी घालत राहिली आणि त्यानं घालू दिलं, म्हणून. वाचल्या असत्या तर त्यानं टाकल्या नसत्या, एवढा भरवसा मला त्याच्याबद्दल अजून आहे. म्हणून या वेळी छापलं. एक प्रत रद्दीत गेली तरी बाकीच्या राहतात. दार उघडतं की नाही ते मी सांगणार नाही. आजवर पुष्कळ सांगितलं.’

खाली दिवाभीतानं पुढचा प्रश्न घातला होता: लिहिताना तुम्ही गाणी ऐकता का?

त्यानं ते तीनदा वाचलं. दार उघडत होतं, मिटत होतं, आतली परिचारिका ये-जा करत होती. म्हणजे चोवीस वर्षं ठकीला माहीत होतं. भिंतीला टेकून उभी होती त्या दिवशीही माहीत होतं. ती त्याच्या बोलण्याची वाट बघत दिवसभर थांबली होती आणि मग संध्याकाळच्या गाडीनं गेली होती. त्याला वाटत होतं की आपण एक गुपित जपतोय, आणि घरातल्या दोन्ही बायकांनी त्याच्या खोटेपणाला पाय लागू नये म्हणून आयुष्यभर बाजूनं चालून दाखवलं होतं. शरमेनं त्याचे कान तापले. मग तो स्टुलावर बसल्या बसल्या रडला, तोंडावर हात न घेता. परिचारिका थांबली. ‘कुणी आत आहे का तुमचं?’ तिनं हळू विचारलं. तिला तो दिसत होता. त्यानं मान हलवली, नाही, आणि एकशे छप्पन्नवर काम सोडून, सही न घेता, हत्यारं गोळा करून घरी आला.

बायको नुकतीच शाळेतून परतली होती. तो चपला न काढताच दारात उभा राहिला. ‘ठकीच्या वह्या मी टाकल्या,’ तो म्हणाला. ‘आईनं नाही. मी आईचं नाव सांगितलं.’

बायकोला वह्यांबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. ‘आधी आत ये,’ ती म्हणाली. ‘बस. मग सांग.’

त्यानं सांगितलं. गच्ची, टाकी, सुतळी, स्वयंपाकघरातला भांड्यांचा थांबलेला आवाज. मोबाइल पुढे करून उत्तर वाचायला दिलं. तिनं ते सावकाश वाचलं. ‘पत्ता दिलेला नाही,’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘दिवाभीताला विचारशील?’

आधी हेच त्याच्या मनात आलं होतं. दिवाभीताला विचारावं, दिवाभीत तिला विचारेल, ती काय म्हणाली ते दिवाभीत सांगेल. ‘आधी वाचतो,’ तो म्हणाला.

‘मग हे घेऊन खिडकीपाशी बस, तिथे उजेड आहे,’ बायको म्हणाली, आणि फ्रिजवरचं पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. वेष्टण नखानं निघेना, त्यानं दातानं फाडलं. कागद जाड होता, पानं एकमेकांना चिकटलेली. त्याला वाचायची सवय नव्हती. ओळ संपली की डोळा पुन्हा त्याच ओळीवर यायचा, बोट ठेवावं लागत होतं. अकराव्या पानावर तो स्वतः आला, बाहेर उभा, ओहोटीची वेळ होती. गाव म्हणत होतं तो मेला. त्यापुढे एक वाक्य होतं, ते सातांपैकी एकाही ब्लॉगवर नव्हतं. ‘बहिणीला तसं वाटत नव्हतं. तिला वाटत होतं की त्याला आत यायचंय की नाही हेच त्याचं ठरलेलं नाही.’ त्याचं बोट तिथे थांबलं. पुढे तीनशे ऐंशी पानं होती. सोळावं प्रकरण होतं. त्या पानांच्या पलीकडे एक दार होतं, आणि ते बंदच राहतं असंही असू शकत होतं, कारण ठकी काही कुणाला बरं वाटावं म्हणून लिहिणाऱ्यांतली नव्हती. त्याला भीती वाटत होती. पुढे काय होतं ते सांगणारं आता कुणी नव्हतं. त्यानं बोट उचललं आणि पुढच्या ओळीवर ठेवलं.